वाचक विचारतात: गरम पाण्याची तक्रार शनिवारच्याच पाहुण्यांची का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त होमस्टे आणि कृषी पर्यटनवाल्यांची आहेत, आणि सगळ्यांचं दुखणं साधारण एकच, रिव्ह्यू. मी स्वतः सात वर्षं हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला काढली आणि आता पाहुण्यांचे रिव्ह्यू, बुकिंगच्या नोंदी, गर्दीचे आकडे असला डेटा चाळायचं काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये, कारण त्यात बाकीच्या बऱ्याच जणांची उत्तरं येऊन जातात.

प्रश्न: ताई, गुहागरजवळ आमचं घरगुती होमस्टे आहे. पाच खोल्या आहेत, सहा वर्षं झाली. गूगलवर १४० रिव्ह्यू आहेत आणि रेटिंग ४.३. शेजारी यंदाच एकांनी सुरू केलंय, त्यांचे फक्त ८ रिव्ह्यू पण रेटिंग ४.९. पाहुणे फोनवर सरळ म्हणतात की त्यांचं जास्त आहे. एक कंपनीवाला रिव्ह्यू तपासायचं सॉफ्टवेअर वर्षाला तीस हजारात देतो म्हणतोय, मुलगा म्हणतो घेऊया. घेऊ का?

उत्तर: ताई, नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. १४० रिव्ह्यू म्हणजे दोन दुपारचं काम आहे आणि तुमच्याइतकं ते कोणाला कळणार नाही.

आधी शेजाऱ्यांच्या ४.९ चं बघू, कारण तेच तुमच्या मनाला लागलंय. आठ जणांच्या सरासरीवर फार विसंबता येत नाही, त्यातले चार तर घरचेच असू शकतात (त्यांचे आहेत असं मी म्हणत नाहीये, नवीन जागेचं सगळीकडेच असं होतं). यावर एक साधी रीत आहे, दोघांच्याही खात्यात सारखेच काल्पनिक १० रिव्ह्यू टाकायचे, ४.० चे, आणि मग सरासरी काढायची. शेजाऱ्यांची येते ४.४, तुमची ४.२८. म्हणजे ०.६ चं अंतर ०.१२ वर आलं. रिव्ह्यू जितके कमी तितकी सरासरी मधे ओढली जाते, आणि तेच योग्य आहे. फोनवरच्या पाहुण्याला हे गणित सांगायचं नाही अर्थातच, पण तुमची झोप उडायचं कारण नाही एवढं नक्की.

तरीही रेटिंगला किंमत आहे हे मान्य करायलाच हवं. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला होता, त्यात येल्प या तिकडच्या रिव्ह्यू वेबसाइटवरचा एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं, आणि गंमत म्हणजे हा फरक मोठ्या साखळीवाल्यांना पडत नव्हता, तर स्वतंत्र, छोट्या जागांना पडत होता. कारण उघड आहे, मोठ्याचं नाव लोकांना आधीच माहीत असतं, छोट्याला ओळख देतो तो रिव्ह्यूच. म्हणून तुमची काळजी रास्त आहे, फक्त ताऱ्यांकडे बघत बसून तारे वाढत नाहीत. खाली लिहिलेलं वाचायला लागतं.

तुमच्या मुलाने सगळे रिव्ह्यू एक्सेलमध्ये उतरवून मला पाठवले त्याबद्दल त्याचं खरंच कौतुक. १४० पैकी ९६ मध्ये मजकूर आहे, बाकीचे नुसते तारे. मी काय केलं तर प्रत्येक रिव्ह्यूसमोर रकाने पाडले: जेवण, खोली, बाथरूम आणि पाणी, माणसं, रस्ता, भाव. आणि वाक्य तोडून ज्याचं त्या रकान्यात टाकलं. कारण तुमच्याकडे एकाने लिहिलंय, "घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ एक नंबर, काकू आईसारखं वाढतात, पण सकाळी आंघोळीला पाणी कोमट, मुलं कुडकुडली." त्याने तारे दिलेत तीन. नुसते तीन तारे बघितले तर वाटेल की सगळंच बेताचं होतं, पण तसं नाहीये, दोन गोष्टी अप्रतिम आणि एक फसली. मोठ्या हॉटेलांत कॉम्प्युटरकडून हेच करून घेतात, वाक्यात कशाबद्दल बोललंय आणि ते चांगलं की वाईट हे वेगवेगळं ओळखायचं. शब्द एकच असला तरी अर्थ कशाला चिकटलाय त्यावर ठरतो, "एसी एकदम थंड" ही शाबासकी आणि "इडली एकदम थंड" ही तक्रार.

तर तुमच्या रकान्यांत जेवण आणि माणसं जवळजवळ सगळी कौतुकाची. रस्त्याबद्दल थोडी कुरकुर आहे, ती तुमच्या हातात नाही, लोकेशनसोबत "शेवटचा एक किलोमीटर कच्चा रस्ता" असं आधीच लिहून टाका, आधी सांगितलं की लोक रागावत नाहीत. आणि गरम पाणी, १४ तक्रारी.

तुम्ही म्हणालात गीझर बदलणार होतो. थांबा. गूगलवर "तीन महिन्यांपूर्वी" असं मोघम दिसतं, त्यावरून दिवस कळत नाही, म्हणून आपण फोनवर बसून तुमच्या बुकिंगच्या वहीतली नावं आणि रिव्ह्यूची नावं जुळवली होती आठवतंय ना. १४ पैकी १२ सापडली. त्या १२ पैकी ११ जण शनिवारी रात्री मुक्कामाला होते. इथे लगेच उडी मारायची नसते हं, कारण शनिवारी पाहुणेच जास्त असतात तर तक्रारीही जास्त येणारच. म्हणून वही परत बघितली, तुमच्या एकूण पाहुण्यांपैकी साधारण निम्मे शनिवारचे. निम्मे पाहुणे असताना १२ तक्रारींपैकी सहाच्या आसपास शनिवारच्या असत्या तर मी काही म्हटलं नसतं, पण अकरा म्हणजे त्या दिवशी काहीतरी वेगळं घडतंय. आणि काय घडतं ते तुम्हीच एका वाक्यात सांगितलंत, पाचही खोल्या भरलेल्या, रविवारी सकाळी सगळ्यांना एकाच वेळी आवरून निघायचं असतं, आणि खालच्या तीन खोल्यांना एकच सोलरची टाकी. गीझर बदलून काही झालं नसतं कारण खालच्या खोल्यांना गीझरची जोडणीच नाहीये! मागच्या पडवीत तांब्याचा बंब पडून आहे म्हणालात, तो रविवारी पहाटे पाचला पेटवा, एवढंच. दोन महिने करून बघा आणि वहीत लिहित जा कोणी पाण्याबद्दल बोललं का.

सॉफ्टवेअरबद्दल शेवटचं. बहुतेक स्वस्त सॉफ्टवेअर इंग्रजीवर पोसलेली असतात आणि आपले लोक लिहितात "jevan khatarnak, room la vas yeto thoda" असं रोमन लिपीत, मराठी-हिंदी-इंग्रजी कालवून. खतरनाक म्हणजे इथे उत्तम हे मशीनला कोणी शिकवलेलं नसतं. मराठीवर काम होतंय, पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२१ मध्ये जवळपास १६ हजार मराठी ट्वीट माणसांकडून वाचून चांगलं, वाईट, तटस्थ अशी खूण करून सगळ्यांसाठी खुली केली, नंतर मराठी-इंग्रजी मिसळलेल्या मजकुरावरही काम केलं, ते फार मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं. पण विकत घेताना विक्रेत्याला तुमचेच वीस रिव्ह्यू द्या, समोर चालवून दाखव म्हणा. नाही जमलं तर चहा पाजून पाठवून द्या.

प्रश्न: मॅडम, आमचं जुन्नर तालुक्यात कृषी पर्यटन केंद्र आहे. निघताना सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतो, सगळे ५ पैकी ५ देतात. तरी परत येणारे कमी. मग डेटा खोटा म्हणायचा का?

उत्तर: दादा, डेटा खोटा नाही, तुम्ही तो चुकीच्या वेळी मागताय. माणूस बॅग खांद्यावर घेऊन उभा, मुलं गाडीत हॉर्न वाजवतायत, तुम्ही स्वतः पेन घेऊन समोर उभे, तुमच्या घरचं पिठलं-भाकरी नुकतंच खाल्लेलं, कोण तीन देणार हो तुम्हाला! ती संख्या समाधानाची नसून भिडेची असते.

मी कामाला होते त्या एका हॉटेलात असंच चालायचं, चेकआऊटला टॅब पुढे करायचो आणि महिन्याच्या मीटिंगला स्क्रीनवर हिरवेगार आकडे. एकदा एक आजोबा पाच तारे देऊन गेले आणि चार दिवसांनी त्यांच्या मुलीचं मोठं ईमेल आलं, की बाथरूमला धरायला दांडा नव्हता, बाबा रात्री दोनदा घसरता घसरता वाचले. आजोबांना माझ्या तोंडावर ते बोलवलं नाही. माझ्या मनातून ते ईमेल आजही जात नाही, कारण दांडा बसवायला काहीशे रुपये लागतात आणि आमच्या आलेखात त्याची कुठेच नोंद नव्हती.

तेव्हा फॉर्म बंद करा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न पाठवा, "आमच्याकडे काय राहून गेलं?" तारे नको, दहापैकी गुण नको. मोठ्या कंपन्या विचारतात तसा "दहापैकी किती, मित्राला सुचवाल का" हा प्रश्न २००३ मध्ये फ्रेड राइकहेल्ड यांनी रूढ केला, त्यात ९-१० वाले पक्के, ७-८ वाले काठावरचे आणि ६ पर्यंतचे सगळे नाराज धरतात. मोठ्या संख्येला तो बरा आहे, पण तुमच्याकडे महिन्याला चाळीस कुटुंबं येतात, तिथे दोन जणांच्या मूडने आकडा खालीवर होईल आणि तुम्ही उगाच धास्तावाल. उत्तर देणारे कमी असतील, असू देत. जे उत्तर देतील त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा, दुरुस्त करू नका.

आणि एक, शेवटचा तास सांभाळा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग केला होता, लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला, मग दुसऱ्यांदा तेवढाच वेळ आणि वर ३० सेकंद जास्त, फक्त त्या ३० सेकंदात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. परत कुठला प्रकार कराल विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा निवडला! त्रास जास्त वेळ, पण शेवट जरा बरा. आठवणीत शेवट जड पडतो. आता तुमच्याकडे शेवटी काय असतं, तर बिल. आणि तुम्हीच लिहिलंय की हुरडा, बैलगाडी, ट्रॅक्टरची फेरी यांचे पैसे शेवटी वेगळे लावता. ते आधी सांगून एकत्र घ्या आणि निघताना शेतातली कोथिंबिरीची जुडी हातात द्या.

प्रश्न: खोटे रिव्ह्यू ओळखायचे कसे? फॅमिली ट्रिपला दोनदा फसलोय. (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: डोळ्यांनी ओळखता येतात या भ्रमात राहू नका हे पहिलं. कॉर्नेल विद्यापीठात २०११ मध्ये मायल ऑट आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या २० हॉटेलांचे ४०० खरे आणि ४०० मुद्दाम लिहून घेतलेले खोटे कौतुकाचे रिव्ह्यू एकत्र केले. माणसांना ओळखायला सांगितलं तर जवळपास नाणं उडवल्यासारखाच निकाल, कॉम्प्युटरला मात्र ९० टक्क्यांच्या आसपास जमलं. त्याने काय पकडलं ते कामाचं आहे. खरा राहून आलेला माणूस जागेबद्दल बोलतो, बाथरूम, मजला, खोली लहान, स्टेशनपासून किती लांब. न गेलेला माणूस मी, माझा नवरा, आमची सुट्टी, काय तो अनुभव असं बोलतो, कारण जागा त्याने पाहिलेलीच नसते. अर्थात आता एआयकडून लिहून घेतात त्यात बाथरूमही येतं, त्यामुळे हा एकच निकष धरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट, रिव्ह्यू कोण लिहू शकतो ते बघा. २०१४ मध्ये मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालिए या संशोधकांनी प्रवासाच्या दोन वेबसाइटांची, म्हणजे ट्रिपअ‍ॅडव्हायझर आणि एक्स्पीडियाची तुलना छापली. ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर कोणीही लिहू शकायचं, एक्स्पीडियावर फक्त बुकिंग केलेला. तर ज्या हॉटेलांच्या शेजारी स्पर्धक होते त्यांना ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर वाईट रिव्ह्यू जास्त दिसले. म्हणजे शेजाऱ्याचा हात असतोच, आपल्या गावकीत काय वेगळं आहे. म्हणून बुकिंग केलेल्यांचेच रिव्ह्यू असतात अशी एक जागा आणि गूगल, दोन्ही ठिकाणी बघा, आणि दोन्हीकडे तीन ताऱ्यांचे आधी वाचा. एक आणि पाच तारेवाले तावातावाने लिहितात, मधले लोक मुळात कमी लिहितात, पण लिहितात तेव्हा खोलीत नेमकं काय होतं ते सांगतात. पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा, मालकाचे नाही.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, लिहिणारा खरा आहे का तपासा, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका वगैरे. ते ऐच्छिक ठेवलं होतं. मला वाटतं सक्तीचं व्हायला हवं, कारण फसलेल्या कुटुंबाची वर्षातली एकच सुट्टी असते, ती परत मिळत नाही.

प्रश्न: "अमुक लाख पर्यटक आले" असं पेपरात येतं. मोजतात कसे? मोबाईलवरून मोजतात म्हणे, खरं का? (साताऱ्याहून)

उत्तर: तिकीट असेल तिथे सोपं आहे. तुमच्या कास पठाराचंच घ्या, २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात कास आलं, गर्दी उसळली, फुलं तुडवली जायला लागली, मग दिवसाला ३,००० ची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग. तिथे आकडा हातात असतो. समुद्रकिनारा, घाटातला धबधबा, गावातली जत्रा इथे दार नाही, तिकीट नाही, मग अंदाज.

मोबाईलवरून मोजतात हे खरंय. एस्टोनियाने यात फार लवकर काम केलं, परदेशी सिम रोमिंगवर आलं की पाहुणा आला असं धरून. व्हेनिसमध्ये तर एक कंट्रोल रूमच आहे, फोन नेटवर्कच्या नोंदी आणि कॅमेरे जोडून शहरात आत्ता किती लोक आहेत, कुठल्या देशातले, मुक्कामाला की दिवसापुरते हे बघतात, आणि २५ एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांना ५ युरो शुल्क लावलं.

आता हेच कोकणात करायला गेलं तर काय होईल बघा. गणपतीत रत्नागिरी-सिंधुदुर्गात मुंबईचे फोन लाखांनी दिसतील. मशीन म्हणेल पर्यटनाचा कळस. पण तो चाकरमानी स्वतःच्या घरी आलाय, स्वतःच्या ओटीवर झोपतोय, त्याला हॉटेलची खोली नकोय, त्याला एसटीची जागा आणि गावच्या विहिरीला पाणी हवंय. हा आकडा बघून कोणी होमस्टेच्या खोल्या वाढवल्या तर बुडेल, आणि एसटी-पाणी-दवाखान्याचं नियोजन करणाऱ्याने हा आकडा दुर्लक्षिला तर लोकांचे हाल होतील. एकच आकडा, दोन वेगळे प्रश्न. शिवाय किल्ल्यांवर रेंज जाते, तिथला माणूस मोजलाच जात नाही. मराठ्यांचे १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, आता प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याला साधा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा काउंटर बसवला आणि तासातासाचे आकडे लोकांना बघायला ठेवले तर माणूस घरूनच ठरवेल की आज राजगड नको. याला काही फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

प्रश्न: मी कोल्हापूरला हॉटेल मॅनेजमेंटच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डेटामध्ये जायचंय. कोडिंग येत नाही.

उत्तर: एक्सेल पक्कं कर, पिव्हट टेबलपर्यंत (म्हणजे मोठ्या यादीचा गटवार सारांश काढणं). मग एसक्यूएल, ती साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची भाषा, मग पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा, याच क्रमाने. पण हाऊसकीपिंगची ट्रेनिंग टाळू नकोस बाळा. चादर बदलायला किती मिनिटं लागतात हे ज्याला माहीत नाही तो "चेक-इनला उशीर" या तक्रारीचं मूळ शोधू शकत नाही. कोडिंग येणारे खूप मिळतात, हे माहीत असलेले मिळत नाहीत.

प्रश्न: प्रत्येक हॉटेलात आधारची झेरॉक्स घेतात, मोबाईल नंबर घेतात, मग वर्षभर मेसेज. हा आमचा डेटा ना? (ठाण्याहून, वय ७१)

उत्तर: काका, तुमचाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तेच म्हटलंय, ज्या कामासाठी घेतला त्यासाठीच वापरायचा आणि संमती मागे घेता येते. हॉटेलला ओळखपत्र बघावं लागतं हे खरं, पण आधारच द्यायला हवं असं नाही, मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स चालतं. आधारच द्यायचं तर मास्क्ड आधार काढून घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या वेबसाइटवरून नातवंड दोन मिनिटांत काढून देईल. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर आडवं लिहा, "फक्त मुक्कामासाठी", खाली तारीख आणि सही. आणि रजिस्टरमध्ये मोबाईल नंबर लिहिताना काउंटरवरच्या मुलाला नम्रपणे सांगा, जाहिरातीचे मेसेज नकोत. मी काउंटरवर होते तेव्हा असं सांगणाऱ्या पाहुण्यांच्या नावापुढे पेन्सिलने फुली करून ठेवायचे आणि तो नंबर पुढे द्यायचे नाही.